बुडालेलं लाकूड फुकटचं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या नद्यांच्या तळाशी सापडणाऱ्या जुन्या ओंडक्यांवर आपण अर्धं पान दिलंत. लाकडावर मराठी वर्तमानपत्रात एवढी जागा मी फार वर्षांनी पाहिली, त्याबद्दल आधी आभार. पण त्या लेखात तीन वेळा 'फुकटचं लाकूड' आणि दोन वेळा 'खजिना' असे शब्द आले आहेत. ते वाचल्यापासून माझ्या मनातून ते जात नाहीत. मी हे लाकूड जवळून पाहतो, हाताळतो, म्हणून लिहायला बसलो.

माझं आयुष्य आरागिरणीत गेलं. गिरणीत 'सॉ डॉक्टर' म्हणतात ते माझं काम. करवतीच्या पात्याला धार लावायची, दातांना सेट द्यायचा, म्हणजे दात आलटून पालटून दोन्ही बाजूंना किंचित वाकवायचे, पातं चाकावर कुठे ढिलं पडतंय ते बघायचं. 2017मध्ये मी मुलीकडे फ्लोरिडाच्या वायव्य टोकाला, पॅनहँडल म्हणतात त्या भागात, कायमचा राहायला आलो. घरापासून थोड्या अंतरावर एक लहान गिरणी आहे. उघडी शेड, एक आडवी पट्टा करवत, मागे लाकूड सुकवायची भट्टी, एवढाच पसारा. रस्त्याने फिरायला जाताना पात्याचा आवाज कानावर आला आणि पातं बोथट झालंय हे मला रस्त्यावरूनच कळलं. आत जाऊन तसं सांगितलं. मालक माझ्याच वयाचे. त्यांनी करवत बंद केली, दातावर अंगठा फिरवला आणि मला बसायला खुर्ची दिली. तेव्हापासून आठवड्याचे तीन दिवस मी तिथेच असतो.

आधी एक चूक दुरुस्त करतो. लेखात या झाडाला 'सुरू' म्हटलं आहे. आपल्याकडे सुरू म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवायला लावतात ते झाड. त्याचा या झाडाशी काही संबंध नाही. हे 'बाल्ड सायप्रेस'. जात सूचिपर्णी वृक्षांची, पण हिवाळ्यात पानं गाळून उघडं होतं, म्हणून 'बाल्ड', म्हणजे टक्कल पडलेलं. दलदलीत, पाण्यात उभं राहतं. बुंधा खाली पसरट, आणि आजूबाजूला पाण्यातून गुडघ्यांसारखे खुंट वर आलेले. ते किती जगतं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. उत्तर कॅरोलायनातल्या ब्लॅक रिव्हरच्या काठच्या एका झाडाचं वय डेव्हिड स्टॅहल या शास्त्रज्ञांच्या गटाने 2019मध्ये वलयं मोजून प्रसिद्ध केलं, ते किमान 2,624 वर्षं भरलं. झाड अजून उभं आहे.

दुसरं लाकूड पाइनचं. पाइन म्हटलं की आपल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर मालाची खोकी येतात. हलकं, पांढरं, गाठीच गाठी. नदीतून निघतं ते हे नव्हे. तो 'लाँगलीफ पाइन', लांब सुयांचा. व्हर्जिनियापासून पूर्व टेक्ससपर्यंत त्याची जंगलं एकेकाळी सुमारे 9 कोटी एकरांवर होती. तोड थांबेपर्यंत त्यातली 30 लाख एकरांच्या आसपास उरली. आता लागवड करून थोडी वाढवत आणली आहेत, पण लावलेल्या झाडाला म्हातारं व्हायला वेळ लागतो. जुन्या लाँगलीफचा गाभा तांबूस, राळेने भरलेला आणि हातात धरला तर सागापेक्षा जड.

हे ओंडके नदीच्या तळाशी गेले कसे, ते लेखात एका ओळीत उरकलं आहे. खरं तर सगळं तिथेच आहे. साधारण 1890 ते 1925 या काळात दक्षिणेतल्या दलदली आणि जंगलं सपाट झाली. ओलं सायप्रेस पाण्यात बुडतं. म्हणून तोडणारे आधी झाडाभोवती कुऱ्हाडीने खोल खाच पाडायचे, झाड उभ्या उभ्या मरून सुकायचं, आणि पुढे पाणी चढलं की पाडून तराफे बांधून नदीने गिरणीकडे सोडायचे. अपॅलाचिकोला, सुवानी, चॉक्टॉहॅचीपासून जॉर्जियातल्या अल्टमाहापर्यंत सगळीकडे हाच धंदा. वाटेत काही ओंडके सुटायचे आणि तळाला जायचे. बुडायचे ते बहुतेक जड, दाट, गाभ्याने भरलेले. हलके तरून गिरणीत पोचले. तळाच्या चिखलात हवा नाही, आणि हवा नसेल तर बुरशी लाकूड खात नाही. बाहेरचं पांढरं लाकूड झिजून गेलं, गाभा जसाच्या तसा राहिला.

ओंडक्याच्या टोकावर कधी कधी मालकाची खूण सापडते. लोखंडी हातोड्याने उमटवलेलं एखादं अक्षर किंवा चांदणी. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिच्यावर हात ठेवून उभा होतो. आपल्याकडे वनखात्याचा हातोडा सागाच्या ओंडक्यावर बसतो तो मी हजारो वेळा पाहिला आहे. हा ओंडका कुणीतरी मोजला होता, वहीत लिहिला होता, त्याची वाट पाहिली होती.

ती तोड कुणी केली हेही लेखात यायला हवं होतं. पाइनच्या जंगलांत राळ गोळा करणारे आणि ओंडके ओढणारे मजूर बहुतांश कृष्णवर्णीय होते. छावणीच्या दुकानातल्या उधारीत अडकलेले, कर्ज फिटेपर्यंत जागा सोडता येत नसे. तुरुंगातले कैदी अशा कामावर भाड्याने दिले जात. फ्लोरिडात ती पद्धत कायद्याने पूर्ण बंद व्हायला 1923 उजाडलं. या लाकडाची किंमत एकदा चुकती झालेली आहे, आणि ती फार मोठी होती. म्हणून 'फुकट' हा शब्द मला सोसत नाही.

कायद्यानेही ते फुकट नाही. आपला लेख वाचून कुणाला वाटेल की दोरखंड घेऊन नदीत उतरावं आणि हवं ते ओढून काढावं. फ्लोरिडात नदीचा तळ राज्याच्या मालकीचा आहे, त्यामुळे तळाचा ओंडकाही राज्याचा. तो काढायला परवाना लागतो, त्याआधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि उचलायचा तो फक्त माणसाने तोडलेला ओंडका, टोकाला कुऱ्हाडीची किंवा करवतीची खूण असलेला. आपोआप नदीत पडलेल्या झाडाला हात लावायचा नाही. मासे त्याच्या आडोशाला राहतात, कासवं त्यावर ऊन खात बसतात. मला हा नियम अतिशय शहाणपणाचा वाटतो. नद्यांवर काम करणारे जे लोक गिरणीत ओंडके आणतात, ते पाण्यातच टोक चाचपून बघतात आणि खूण नसेल तर सोडून देतात.

आता कापण्याबद्दल. याच्यावर लेखात काहीच नव्हतं आणि माझा जीव त्यातच आहे.

गेल्या हिवाळ्यात सायप्रेसचा एक ओंडका आला. 16 फूट लांब, बारक्या टोकाला व्यास 22 इंच. वजन सव्वा टनाच्या पुढे असावं, कारण ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी झाली. इथले लोक लाकूड 'बोर्ड फुटा'त मोजतात. 12 बोर्ड फूट म्हणजे आपला 1 घनफूट. ओंडक्यातून किती फळ्या निघतील याचा त्यांचा जुना 'डॉईल' नावाचा हिशेब आहे: इंचांतल्या व्यासातून 4 वजा करा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, लांबीने गुणा, 16ने भागा. ओंडका 16 फुटी असला की शेवटचे दोन्ही आकडे एकमेकांना कापून जातात आणि नुसता वर्गच उरतो. आमच्या ओंडक्याचे आले 324, म्हणजे 27 घनफूट. मी मात्र मालकांना म्हटलं होतं, तिसाच्या खाली उतरू द्यायचं नाही. जुन्या गोल करवतीचा छेद दोन सुतांचा, म्हणजे दर चार फळ्यांमागे एक इंच लाकूड भुश्शात. पट्टा करवतीचं पातळ पातं नीट लावलं तर छेद एका सुताच्या आत राहतो. 22 इंचांच्या ओंडक्यात हा फरक अख्ख्या दोन-तीन फळ्यांचा होतो. हे झाड पुन्हा मिळणार नाही. भुस्सा कमी काढणं एवढंच माझ्या हातात आहे, आणि तेवढं मी करतो.

ओंडका आला की पहिलं काम धुण्याचं. शंभर वर्षांची वाळू भेगाभेगांत बसलेली असते, आणि वाळूइतका पात्याचा शत्रू नाही. जोराच्या पाण्याने धुवायचं, मग ब्रशने, मग पुन्हा पाण्याने. लगेच दोन्ही टोकांना मेणाचा लेप द्यायचा. पाण्यातून बाहेर आल्या क्षणापासून टोकं सुकायला लागतात, टोक मधल्या भागाच्या आधी आकसतं आणि तडा आत शिरतो. एक दुपार उन्हात पडू दिलात तर प्रत्येक टोकाचं फूटभर लाकूड गेलं म्हणून समजा.

मग तो गाड्यावर चढवला. पहिला पडदा, म्हणजे सगळ्यात बाहेरचा काप, निघाला तेव्हा वास आला तो गाळाचा, कुबट. दुसऱ्या छेदाला तो वास मागे पडला आणि सायप्रेसचा स्वतःचा वास वर आला, किंचित आंबूस, मसाल्याच्या डब्याच्या तळाशी असतो तसा. रंग पाहून मालक आणि मी दोघेही गप्प झालो. मध्यभागी मधासारखा पिवळा, त्याच्या बाहेर शेवाळी हिरवट, आणि कडेला पिकलेल्या चिंचेचा तपकिरी. पाण्यातलं लोह आणि लाकडातलं टॅनिन यांनी इतकी वर्षं मिळून तो रंग केला. खिशात दात तपासायचं भिंग असतं, ते काढून टोकावर एका इंचात वलयं मोजली. 34 भरली. एका ठिकाणी तर इतकी दाट, की दोन वलयांमध्ये सुईचं टोकही बसेना. लागवडीच्या पाइनच्या ओंडक्यात इंचाला चार-पाच वलयं मिळतात. दाट रानात, सावलीत, पाण्यात उभं राहून ते झाड असं तसूतसूने वाढलं होतं.

फळ्या उतरल्या त्या तीस घनफुटांना थोड्या कमी. साडेएकोणतीस.

पाइनचं तंत्र निराळं. राळ पात्याला चिकटते, गरम होते, पातं थरथरायला लागतं आणि फळी लाटांसारखी निघते. म्हणून पात्यावर साबणाचं पाणी सतत ठिबकत ठेवावं लागतं. भट्टीत शेवटी उष्णता 70 अंश सेल्सियसच्या वर न्यावी लागते, म्हणजे राळ घट्ट बसते. नाही तर घरात बसवल्यावर उन्हाळ्यात फळीतून चिकट थेंब येत राहतात. पण गाभा उघडला की टर्पेंटाइनचा जो वास सुटतो, तो शंभर वर्षं पाण्यात राहूनही ताजा असतो. दोन दिवस अंगरख्याला राहतो.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. या झाडांच्या बुंध्यावर राळ काढायला V आकाराचे एकाच्या वर एक चरे पाडत. जखम वाळली की ती मांजराच्या मिश्यांसारखी दिसते, म्हणून तिला इथे 'कॅट फेस', मांजराचं तोंड, म्हणतात. आधी राळ साठवायला बुंध्यातच खोबणी खणत, त्यात झाडं कमजोर होऊन पडायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स हर्टी या रसायनशास्त्रज्ञाने मातीचा कप आणि पत्र्याची पन्हळ काढली, त्यामुळे झाडं वाचली. पण पन्हळ आणि कप खिळ्यांनी ठोकलेले असत, आणि झाड पुढे जगलं तर लाकूड खिळ्यांवरून वाढत जाई. एका ओंडक्याच्या टोकावर मला निळसर काळा पट्टा दिसला होता. लोखंड जवळपास असल्याशिवाय गाभ्यात असा डाग पडत नाही, हे मी उभ्या आयुष्यात शंभर पोरांना शिकवलं आहे. त्या दिवशी पाऊस येत होता, धातूचं शोधयंत्र आत होतं, मी म्हटलं, एवढा एक छेद होऊन जाऊ दे. पात्याचे अकरा दात गेले, ते ठीक, पातं दुसरं मिळतं. पण पातं भरकटलं आणि मधली सगळ्यात रुंद फळी एका कडेला पाऊण इंचाची, दुसऱ्या कडेला दीड इंचाची निघाली. त्या फळीला वाढायला किती वर्षं लागली असतील याचा विचार करत मी त्या संध्याकाळी घरी गेलो. मालक एक शब्द बोलले नाहीत. आता पाऊस असो की काही असो, ओंडक्यावरून शोधयंत्र दोनदा फिरल्याशिवाय मी करवत सुरू करू देत नाही.

सुकवण्याचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, वरपासून खालपर्यंत एका रेषेत. पट्टी जरा सरकली की फळीला तिथे बाक येतो. वर वजन, ऊन नाही, वारा हवा. इंचाच्या फळीला साधारण वर्ष, मग भट्टी. घाई करणाऱ्याची थप्पी पीळ पडून सरपणात जाते.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर मी पत्र लिहिलं, तिच्याकडे येतो. 10 ऑक्टोबर 2018 रोजी 'मायकेल' चक्रीवादळ इथल्याच मेक्सिको बीच या गावाजवळ किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 160 मैल. मी ती दुपार मुलीच्या घराच्या न्हाणीघरात नातवाला मांडीवर घेऊन काढली. वादळ सरल्यावर बाहेर आलो तर ओळखीचा रस्ताच ओळखू येईना. पाइनची झाडं मैलोन्‌मैल मधूनच मोडलेली, सगळ्यांचे शेंडे एका बाजूला. राज्याच्या वनविभागाच्या अंदाजाने 28 लाख एकरांवरच्या लाकडाचं नुकसान झालं, सुमारे 1.3 अब्ज डॉलरचं. एकाच वेळी इतका माल आला की मोठ्या गिरण्या घेऊच शकल्या नाहीत. ज्यांनी नातवंडांच्या शिक्षणासाठी म्हणून झाडं लावली होती, त्यांना ती उचलायला उलटे पैसे द्यायची वेळ आली. ढीग करून जाळलेला धूर कित्येक महिने दिसत होता.

नदीतला ओंडका शंभर वर्षं थांबला, अजून दहा वर्षं थांबेल. वादळात पडलेला पाइन थांबत नाही. उबदार हवेत काही आठवड्यांत त्याला निळी बुरशी लागते, पाठोपाठ साल पोखरणारे भुंगे. निळं पडलेलं लाकूड सडलं असं समजून लोक टाकून देतात. तसं नाही. त्या बुरशीने रंग जातो, ताकद नाही. ओंडक्यांच्या ढिगावर फवारे लावून तो सतत ओला ठेवला तर निळेपण थांबतं, भुंगेही येत नाहीत. नदीचा तळ जे करतो तेच हे. पाहायचं असतं ते वेगळंच: वाऱ्याने वाकून मोडलेल्या खोडात लाकडाच्या तंतूंना आडव्या सुरकुत्या पडतात, चुरगळलेल्या कापडासारख्या. रंधा मारल्यावर बारीक रेघ दिसते, कधी तीही दिसत नाही. अशी फळी तुळईला वापरली तर एक दिवस भार घेताना तुटेल. म्हणून मोडलेल्या जागेपासून दोन्हीकडची चांगली लांबी आम्ही सोडूनच देतो, आणि उरलेलं भिंतीला, पडवीला, कुंपणाला देतो, वजन पेलायला नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या लहान करवतीने दिवस मावळेपर्यंत हेच काम केलं. लोक आपापल्या अंगणात पडलेलं झाड घेऊन यायचे. एक बाई आल्या, नवऱ्याने लावलेले दोन पाइन छपरावर पडले होते. नवरा आधीच गेलेला. त्यांच्या फळ्या निळ्या पडल्या होत्या. रंग पुसता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी एक फळी उन्हात तिरपी धरून पाहिली आणि म्हणाल्या, राहू दे, पडवीच्या छताला आतून हीच लावते. ती पडवी मी पाहून आलो आहे. छत पावसाळी आभाळाच्या रंगाचं झालं आहे.

संपादक महाशय, या लाकडावर आपण अर्धं पान द्या. त्याला कुणी खजिना म्हणत नाही, त्याचे फोटो चमकदार येत नाहीत, पण ते आज जमिनीवर पडलेलं आहे आणि प्रत्येक वादळानंतर पुन्हा पडतं. नदीतल्या लाकडाबद्दल जरूर लिहा. फक्त लिहिताना हे लिहा की त्याला मालक आहे, नियम आहेत, ते मोजकं आहे. 'सुरू'ची दुरुस्ती पुढच्या रविवारी एका ओळीत आली तरी माझं समाधान होईल.

त्या सायप्रेसची थप्पी अजून शेडमध्ये आहे. काल ओलावा मोजला. वरच्या फळ्या 16 टक्क्यांवर आल्या आहेत, तळाच्या 22वर. भट्टी मार्चच्या आधी लावायची नाही, असं मालकांचं आणि माझं ठरलं आहे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त सॉ डॉक्टर
पॅनहँडल, फ्लोरिडा